अर्धांगवायू, विकरे आणि घड्याळ

घरात कोणास अर्धांगवायूचा झटका आला म्हणजे जमलेली मंडळी नाना प्रश्न विचारतात. रक्तदाब होता काय, रात्री जेवणात काय होते, कोणत्या डॉक्टरास बोलवावे, परगावच्या मुलास कळविले की नाही, हे सर्व प्रश्न होतात. परंतु ज्या एका प्रश्नावर रोग्याचे पुढील सारे आयुष्य अवलंबून असते, तो मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तो प्रश्न असा : किती वाजले, आणि हा मनुष्य शेवटचा धडधाकट केव्हा दिसला होता? या प्रश्नास इतके महत्त्व का, याचे उत्तर मेंदूतील विकरांच्या व्यवहारात आहे. आणि तो व्यवहार या महिन्यात आमच्या वाचकांपुढे यथाशक्ति मांडण्याचे आम्ही योजिले आहे. विषय रसायनशास्त्राचा असला तरी त्याचे प्रयोजन घरगुती आहे, हे प्रारंभीच सांगून ठेवतो.

या व्याधीची ओळख आपल्याकडे जुनी आहे. चरक आणि सुश्रुत या दोघांनीही पक्षाघाताचा विचार वातव्याधींत केला आहे. आज आपण ज्यास ‘स्ट्रोक’ म्हणतो त्याचे मुख्य प्रकार दोन. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या रोहिणीत गुठळी अडकून पुढील भागाचा रक्तपुरवठा तुटणे हा पहिला. आणि रोहिणी फुटून मेंदूत रक्तस्राव होणे हा दुसरा. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ व २००६ या दोन वर्षांत एका वस्तीची नोंद ठेवून या रोगाची पाहणी केली. तीत प्रथमच झटका आलेले ४५६ रोगी आढळले. त्यांपैकी ३६६ जणांस गुठळीचा व ८१ जणांस रक्तस्रावाचा झटका होता. म्हणजे पाचांतील चारांचे दुखणे गुठळीचे. अठ्ठावीस दिवसांच्या आत मरण पावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते. हे आकडे परदेशचे नसून आपल्या शेजारच्या शहराचे आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे विषयाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. पुढील विवेचन मुख्यतः गुठळीच्या झटक्यास अनुलक्षून आहे.

आता विकर म्हणजे काय ते पाहू. शाळेच्या पुस्तकात हा शब्द मुले पाठ करतात, पण त्याचा अर्थ क्वचितच कोणी उलगडून सांगतो. वि या उपसर्गासह कृ धातू, म्हणजे बदल घडविणे. जे बदल घडविते ते विकर. इंग्रजीतील ‘एन्झाइम’ हा शब्द कूने या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ग्रीक भाषेवरून घडविला. त्याचा मूळ अर्थ ‘खमिरात असलेले’ असा होतो. आपल्याकडे या खमिरास ‘किण्व’ असा जुना शब्द असून कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणी तो आलेला आहे. विकरे ही बहुतांशी प्रथिने असतात. एका पदार्थाचे दुसऱ्यात रूपांतर ती अतिशय त्वरेने घडवितात आणि स्वतः मात्र जशीच्या तशी राहतात. लाळेतील विकर भाताच्या पिठाची साखर करते, हे आपण घास अधिक वेळ चावला म्हणजे जिभेलाच कळते. आयुर्वेदाने जठराग्नी, भूताग्नी आणि धात्वग्नी मिळून तेरा अग्नी कल्पिले. त्यांत प्रत्येक धातूचा अग्नी निराळा मानला. प्राचीनांस विकरे ठाऊक होती असे आम्ही म्हणत नाही, कारण तसे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. परंतु अग्नी हे रूपक मात्र येथे सार्थ आहे. चुलीतला अग्नी स्वयंपाक करतो. तोच चुलीबाहेर पडला तर घर जाळतो. अग्नीचा स्वभाव बदललेला नसतो. त्याचे स्थान आणि वेळ तेवढी बदललेली असते.

मेंदूचे वजन शरीराच्या शेकडा दोन भाग इतकेच. परंतु शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू खर्च करतो. एवढा खर्च असूनही त्याच्याजवळ साठवण जवळजवळ नाहीच. स्नायूंजवळ थोडी शिल्लक असते, यकृताजवळ कोठार असते. मेंदूची स्थिती मात्र रोज मिळवावे व रोज खावे अशा हातावर पोट असणाऱ्या माणसाची. रक्त थांबले की काही सेकंदांतच त्याचे काम थांबते.

हा सारा प्राणवायू आणि ही सारी साखर कशावर खर्च होते? त्यातील मोठा भाग एका विकरावर खर्च होतो, आणि त्याचा शोध मोठा मनोरंजक आहे. प्रत्येक चेतापेशीच्या बाहेरील द्रवात मीठ, म्हणजे त्यातील सोडियम, विपुल असते. पेशीच्या आत ते फार थोडे आणि पोटॅशियम विपुल असते. हा भेद टिकला तरच संदेश वाहतो. तो टिकविण्याकरिता पेशीच्या आवरणात एक विकर अहोरात्र पंपासारखे चालते व सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत अशी देवघेव करीत राहते. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ याने हे विकर १९५७ साली खेकड्याच्या पायांतील मज्जातंतूंचा अभ्यास करून दाखवून दिले. त्याबद्दल त्यास १९९७ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी, नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आमच्या वसईच्या खाडीत कोळी बांधव चिंबोऱ्या धरतात त्या आम्ही कित्येक वर्षे पाहत आलो. परंतु त्यांच्याच जातभाईच्या पायांतून मेंदूचे एवढे मोठे रहस्य निघाले असेल, अशी कल्पनाही कोणाच्या मनात आली नसती.

नायगावच्या परिसरात ज्यांचे जाणेयेणे आहे त्यांस हा पंप समजावयास अवघड नाही. येथे खाडीचे खारे पाणी, मिठागरे आणि भातशेती ही शेजारी शेजारी. मध्ये मातीचा बांध आणि बांधास उघाडी, म्हणजे पाण्याची झडप. बांध शाबूत आहे आणि उघाडीवर राखण आहे तोवर भात पिकतो. राखणदार निजला आणि उधाणाची भरती आली की खारे पाणी शेतात शिरते, आणि एकदा मीठ शिरलेली जमीन पुढे किती हंगाम वाया जाते हे शेतकऱ्यास विचारावे. मेंदूत नेमके हेच घडते. गुठळीमुळे रक्त थांबले की पंपास इंधन मिळत नाही. तो मंदावतो व थांबतो. मग बाहेरील सोडियम आत शिरते, त्यामागून पाणी शिरते आणि पेशी फुगू लागते.

येथवरची हानी एका विकराच्या थांबण्याने झाली. पुढील हानी मात्र अनेक विकरांच्या अवेळी जागे होण्याने होते, आणि हाच या विषयातील मर्माचा भाग आहे. पंप थांबला की चेतापेशी आपल्याजवळचे ग्लुटामेट नावाचे द्रव्य बेसुमार बाहेर टाकते. त्यामुळे शेजारच्या पेशींची दारे उघडतात आणि त्यांत कॅल्शियम घुसते. एरवी पेशीच्या आत कॅल्शियमचे प्रमाण अत्यल्प असते. किंचित कॅल्शियम येणे ही विकरांस कामाला लागण्याची खूण असते. आता खुणेच्या जागी पूर आल्यावर ज्यांस क्षणभर जागे व्हावयाचे ती विकरे थांबेनाशी होतात. कॅल्पेन नावाचे विकर एरवी पेशीतील जुनी प्रथिने जरुरीपुरती कापून नीटनेटकेपणा राखते; ते आता पेशीचे खांब आणि तुळयाच कापू लागते. फॉस्फोलायपेज हे एरवी आवरणातील स्निग्ध द्रव्यांची डागडुजी करते. ते आता आवरणच विरघळवू लागते. नायट्रिक ऑक्साइड बनविणारे विकर एरवी संदेशवहनास मदत करते. ते आता इतका वायू निर्माण करते की त्यातून दाहक द्रव्ये उत्पन्न होतात. सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज, कॅटॅलेज यांसारखी रक्षक विकरे ही दाहक द्रव्ये विझविण्याचे काम नित्य करीत असतात. परंतु गल्लीतील दोन घागरींनी वणवा विझत नाही, तशी त्यांची स्थिती होते.

एवढ्यावर संपत नाही. काही तासांपासून काही दिवसांपर्यंत कॅस्पेज नावाच्या विकरांचा व्यवहार चालतो. ही विकरे पेशीस जणू आपणहून मरण्याची आज्ञा देतात. गर्भात बोटे सुटी होताना मधल्या पेशी अशाच आज्ञेने नाहीशा होतात. म्हणजे ही विकरे स्वभावतः दुष्ट नव्हेत. आणखी एक विकर आहे, त्यास मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज-९ असे लांबलचक नाव आहे. ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीचा पाया कुरतडते. त्यामुळे भिंती झिरपू लागतात, मेंदूस सूज येते, क्वचित रक्तस्रावही होतो. परंतु २००६ साली उंदरांवरील प्रयोगांत एक विलक्षण गोष्ट दिसून आली. झटक्यानंतर सुमारे आठवड्याने हेच विकर नव्या रक्तवाहिन्या फुटण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामास लागलेले होते. त्या वेळी औषधाने त्यास अडविले, तर इजा कमी होण्याऐवजी वाढली. पहिल्या दिवशी जो घर पाडणारा तोच आठव्या दिवशी घर बांधणारा. कारण नवी भिंत घालावयाची तर जुनी पडझड आधी उकरावी लागते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती आशेची आहे. गुठळीच्या पलीकडचा सर्वच भाग एकदम मरत नाही. मेंदूच्या शंभर ग्रॅम भागास दर मिनिटास सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. ते २० च्या खाली गेले की पेशी मुकी होते. तिचे काम थांबते, पण तिचा पंप कसाबसा चालू असतो. ते १० च्या आसपास वा त्याखाली गेले की पंपही थांबतो आणि वर सांगितलेला अनर्थ सुरू होतो. अगदी मधला गाभा थोड्याच मिनिटांत जातो. परंतु त्याभोवती मुक्या झालेल्या, तथापि जिवंत असलेल्या पेशींचा एक पट्टा असतो. शास्त्रज्ञांनी १९८१ च्या सुमारास त्यास ग्रहणातील उपच्छायेचे नाव दिले. रोग्याचा हात हलत नाही याचा अर्थ हाताचा कारभार पाहणाऱ्या सर्व पेशी मेल्या असा नव्हे. त्यांतील पुष्कळ ग्रहणात सापडल्या आहेत. रक्त वेळेवर परतले तर ग्रहण सुटते. उशीर झाला तर उपच्छायेची छाया होते. जेफ्री सेव्हर या अमेरिकन वैद्याने २००६ साली हिशेब मांडला की मोठ्या रोहिणीच्या झटक्यात उपचाराविना दर मिनिटास सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात. ‘जरा वेळ पाहू’ या शब्दांची किंमत या हिशेबाने ताडून पाहावी.

विकरे हानी करतात, तर ती विकरेच बंद करावी, असा विचार वैद्यकातील विद्वानांनी केला नसता तरच नवल. कॅल्शियमची दारे बंद करणारी, ग्लुटामेटास अडविणारी, दाहक द्रव्ये गिळणारी कितीतरी औषधे तयार झाली. उंदरांत ती गुणकारी ठरली; माणसांत मात्र एकामागून एक निष्फळ झाली. दाह शमविणाऱ्या अशाच एका औषधाची परीक्षा तीन हजारांहून अधिक रोग्यांवर झाली. तिचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला, आणि तो निराशेचा होता. प्रयोगशाळेत उंदरास झटका केव्हा आला हे ठाऊक असते आणि औषध काही मिनिटांत देता येते. माणूस मात्र कित्येक तासांनी दवाखान्यात येतो, तोवर विकरांची एक पाळी संपून दुसरी सुरू झालेली असते. शिवाय ज्यास आज अडवावे तेच उद्या हवे असते. हृदयविकारात रक्ताची एक तपासणी करून निदानास मोठी मदत होते. तशी मेंदूच्या झटक्यात होत नाही. मेलेल्या पेशींतून इनोलेज, क्रिएटिन कायनेज यांसारखी विकरे पाठीच्या कण्यातील द्रवात व रक्तात उतरतात हे खरे. परंतु ती उतरेपर्यंत मोलाचा वेळ निघून जातो, आणि झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे त्यांवरून कळत नाही. यास्तव सीटी स्कॅन हाच पहिला मार्ग आहे.

जे औषध खरोखर उपयोगी पडले तेही विकरच आहे, ही या कथेतील सर्वांत रम्य गोष्ट. आपल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातच टीपीए नावाचे एक विकर असते. ते रक्तातील प्लाझ्मिनोजेनाचे प्लाझ्मिन करते, आणि हे प्लाझ्मिन गुठळीचे धागे तोडून तिला विरघळविते. बेल्जियमच्या डेझिरे कोलेन या शास्त्रज्ञाने ते एका कर्करोगाच्या पेशींतून शुद्ध स्वरूपात मिळविले. पुढे १९८० नंतरच्या दशकात ते कृत्रिम रीतीने तयार होऊ लागले. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतील ६२४ रोग्यांवरील परीक्षेचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. झटका आल्यापासून तीन तासांच्या आत हे औषध मिळालेल्यांत, तीन महिन्यांनी अल्प किंवा मुळीच व्यंग न उरण्याची शक्यता निदान शेकडा ३० ने अधिक होती. परंतु मेंदूत रक्तस्राव होण्याचे प्रमाणही शेकडा ०.६ वरून ६.४ वर गेले. म्हणजे हे औषधही अग्नीच होय. ज्यास रक्तस्रावाचा झटका आहे त्यास ते दिले तर अनर्थ; गुठळीच्या झटक्यात उशिरा दिले तरी अनर्थ, कारण तोवर कुरतडलेल्या भिंती परतणाऱ्या रक्ताचा वेग सोसू शकत नाहीत. २००८ साली ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढविता येते असे सिद्ध झाले. तथापि साडेचार तास म्हणजे साडेचार तास थांबण्याची मुभा नव्हे. पहिल्या तासातील औषधाचा गुण चौथ्या तासात उरत नाही.

या कथेत महाराष्ट्राचाही वाटा आहे, आणि तो आमच्या वाचकांस अभिमानाचा वाटेल. मूळ औषध शिरेवाटे तासभर थेंब थेंब द्यावे लागते. त्या विकराच्या रचनेत तीन ठिकाणी फेरफार करून टेनेक्टेप्लेज नावाचे विकर तयार झाले. ते रक्तात अधिक काळ टिकते, म्हणून एकाच इंजेक्शनाने काही सेकंदांत देता येते. पुण्याच्या जेनोव्हा या कंपनीने हे औषध आपल्या देशात बनविले, आणि गुठळीच्या झटक्याकरिता त्यास भारतात २०१६ साली मान्यता मिळाली. अमेरिकेत याच कामासाठी टेनेक्टेप्लेजास मान्यता मिळाली ती मार्च २०२५ मध्ये. मोठ्या रोहिणीतील गुठळी मांडीच्या रोहिणीतून तार नेऊन ओढून काढण्याची शस्त्रक्रियाही २०१५ नंतर सर्वमान्य झाली असून, निवडक रोग्यांत ती चोवीस तासांपर्यंतही उपयोगी पडते. साधने आहेत, औषध आहे, ते आपल्याच प्रांतात बनते. मग उणीव कशाची? उणीव घर आणि दवाखाना यांमधल्या वेळेची.

आमच्या नायगावापुरते बोलावयाचे तर, हे गाव वसई तालुक्याच्या दक्षिण टोकास. पलीकडे भाईंदर डोळ्यांस दिसते. पण मध्ये खाडी आहे. आगगाडीने पूल ओलांडावयास काही मिनिटे पुरतात. परंतु निजलेला रोगी गर्दीच्या गाडीत नेता येत नाही, आणि सडकेने जावयाचे तर महामार्ग गाठून घोडबंदरच्या पुलावरून वळसा घालावा लागतो. तेथे वाहनांची दाटी झाली म्हणजे किती वेळ जाईल याचा नेम नसतो. विकरे मात्र दाटीत थांबून राहत नाहीत. म्हणून वसईत वा जवळपास कोणत्या रुग्णालयात रात्रीबेरात्री सीटी स्कॅन होतो, कोठे हे इंजेक्शन देणारा वैद्य असतो, याची चौकशी संकटकाळी न करता आजच करून ठेवावी, आणि ते नाव दूरध्वनी क्रमांकासह दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. राज्याची १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून चालू आहे. तो क्रमांक लहान मुलासही पाठ असावा.

आमच्या पाहण्यातील दोन घरांची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. एका घरी सत्तरीचे एक गृहस्थ रात्रीच्या जेवणानंतर पाण्याचे भांडे उचलू लागले, ते डाव्या हातातून गळून पडले. मुलगा म्हणाला, डॉक्टरकडे जाऊ. वडील म्हणाले, ‘हात दबला असेल; सकाळी पाहू.’ त्या घरात वडिलांचा शब्द कधी मोडला गेला नव्हता. तो त्या रात्रीही मोडला गेला नाही. सकाळी सारी डावी बाजू लुळी पडलेली होती आणि इंजेक्शनाची वेळ केव्हाच टळली होती. दुसऱ्या घरी एक वृद्ध बाई रोजच्याप्रमाणे सकाळी विष्णुसहस्रनाम म्हणत होत्या. स्वयंपाकघरातील सुनेस शब्द जड येऊ लागल्याचे ऐकू आले. तिने बाहेर येऊन पाहिले, तोंड एका बाजूस किंचित ओढलेले होते. सासूबाई हातवारे करून ‘काही नाही’ असे सुचवीत होत्या. सुनेने घड्याळ पाहिले, कागदावर ‘सात दहा’ असे लिहिले, कामावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहिली नाही, आणि शेजाऱ्यांच्या मदतीने सव्वा तासात त्यांस रुग्णालयात पोहोचविले. तेथे सीटी स्कॅन होऊन इंजेक्शन मिळाले. आज त्या बाई पुन्हा सहस्रनाम म्हणतात. ‘र’कार थोडा अडखळतो, एवढेच.

या दोन घरांत अक्कल एकात कमी व दुसऱ्यात अधिक होती असे आम्हांस वाटत नाही. पहिल्या मुलाच्या मनात योग्य तेच आले होते. परंतु आज्ञा पाळण्याच्या वळणाने त्यास थांबविले. आणि येथे वैद्यकशास्त्राची एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. मेंदूच्या उजव्या भागात झटका आला असता डावे अंग जाते, आणि पुष्कळदा आपले अंग गेले आहे ही जाणीवच त्याबरोबर जाते. रोगी ‘मला काही झालेले नाही’ असे म्हणतो ते धैर्याने नव्हे, हट्टानेही नव्हे. रोगच त्याच्या तोंडून बोलत असतो. अशा वेळी त्याची आज्ञा पाळणे ही पितृभक्ती खास नव्हे.

तात्पर्य काय ते थोडक्यात सांगतो. रोग्यास हसावयास सांगावे. तोंड वाकडे होते काय? दोन्ही हात समोर धरावयास सांगावे. एक खाली पडतो काय? एखादे सोपे वाक्य म्हणावयास सांगावे. जीभ जड पडते काय? तोल एकाएकी जाणे, एकाएकी दिसेनासे होणे हीही लक्षणे होत. यांतील एक जरी आढळले तरी वेळ लिहून ठेवून निघावे. लक्षण दहा मिनिटांत आपोआप नाहीसे झाले तरी जावे. तो पुढील मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. तोंडात पाणी, औषध वा अन्न घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. ॲस्पिरिनची गोळी घरी देऊ नये, कारण झटका रक्तस्रावाचा असेल तर ती घातक होईल. रक्तदाब वाढलेला दिसला तरी तो घरच्या घरी उतरवू नये. भ्रमणध्वनीवर फिरणारा, सुईने बोटांची टोके टोचून रक्त काढण्याचा उपाय सर्वस्वी निराधार आहे. तेल चोळणे, पारव्याचे रक्त लावणे, मंतरलेला दोरा बांधणे यांनी दुसरे काही न झाले तरी तास निघून जातो, आणि तेवढेच नुकसान पुरेसे आहे. नंतरच्या दिवसांत मात्र धीर सोडू नये. मेंदूतील जी विकरे पाडकाम करीत होती तीच पुढे बांधकामास लागतात. त्या महिन्यांत व्यायाम, बोलण्याचा सराव आणि घरच्यांचा प्रेमळ शब्द यांचा खरा उपयोग होतो.

शेवटी आमच्या बरोबरीच्या, म्हणजे साठी उलटलेल्या वाचकांस एक विनंती. आपली मुले आणि सुना आपला शब्द मोडीत नाहीत, हे आपले भाग्य आहे. परंतु त्या भाग्याचाच एखादे रात्री फास होऊ देऊ नये. आज सायंकाळी सर्व मंडळी एकत्र बसली असता त्यांस स्पष्ट सांगून ठेवावे : ‘माझे तोंड वाकडे झाले, हात पडला वा बोलणे अडखळले, तर माझे ऐकू नका. मी नको म्हणालो तरी मला उचलून न्या. घरात त्या वेळी जी व्यक्ती असेल, मग ती सून असो वा शाळकरी नात असो, तिला निर्णयाचा अधिकार मी आजच देत आहे.’ वडीलधाऱ्यांनी आपल्या हयातीत दिलेल्या अनेक आज्ञांपैकी हीच एक आज्ञा अशी आहे, की जी अगोदर दिली तरच उपयोगी पडते.